पुस्तिकेत न मावलेले आजोबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका संस्थेने दिवंगत माजी सैनिकांची पुस्तिका काढली. काम चांगलं आहे, त्यासाठी कार्यकर्ते घरोघर फिरले, जुने फोटो मिळवले, याचं मला कौतुकच आहे. आमच्याकडेही ते आले. आजोबांची माहिती एका पानात लिहून द्या म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवते. एका पानात किती मावतं याचा मला अंदाज आहे. त्याप्रमाणे लिहून दिलं. पुस्तिका हातात आली तेव्हा त्यात चार ओळी होत्या. १९४१ साली भरती. ब्रह्मदेशच्या आघाडीवर सेवा. तीन पदकं. १९४६ साली फौजेतून मुक्त. त्याखाली, निधन २००४.

मधली अठ्ठावन्न वर्षं कुठे गेली, असं मी फोनवर विचारलं. उत्तर आलं, ‘‘बाई, बाकीचं सगळं नोकरीचं होतं हो. पुस्तिका देशसेवेची आहे.’’

ती ‘नोकरी’ म्हणजे अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतली तेहतीस वर्षं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत मे २०२४ च्या सौर वादळावर, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटांनी पृथ्वीचं चुंबकत्व ढवळून निघालं त्यावर, लेख आला होता, लडाखमधल्या हानलेच्या आकाशात उमटलेल्या लाल प्रकाशाच्या छायाचित्रासह. अशी वादळं ‘आता उपग्रहांमुळे’ कळू लागली आहेत, असं त्यात एक वाक्य होतं. आमच्या घरात ती १९५० च्या दशकातही कळत होती. तेव्हा या दोन्ही गोष्टींना मिळून हे पत्र. लांबलं तर कात्री लष्कराच्या भागावर चालवावी, तो छापून आलेला आहे.

तरी तिथूनच सुरुवात करावी लागेल, कारण आजोबांच्या डोक्यातला प्रश्न तिथला होता.

मॅट्रिक होऊन इंग्रजी लिहिता-वाचता येत असल्यामुळे त्यांना पायदळाऐवजी सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, घेतलं. जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मोर्सकोड शिकले. म्हातारपणीसुद्धा टेबलावर त्यांची बोटं टकटक करत असायची, आणि काय म्हणताय असं विचारलं की बहुतेक वेळा तो पुढ्यातल्या वर्तमानपत्राचा मथळा निघायचा. १९४४ साली ते इम्फाळला एका ब्रिगेडच्या मुख्यालयात वायरलेस ऑपरेटर होते. २९ मार्चला जपान्यांनी कोहिमा-इम्फाळ रस्ता तोडला, तो उघडला २२ जूनला. तोवर जे काही यायचं ते विमानाने. वायरलेसचा सेट खेचराच्या पाठीवर, बॅटऱ्या दुसऱ्या खेचरावर, आणि त्या बॅटऱ्या भरण्यासाठी एक फटफटणारं इंजिन, ज्याचा आवाज शत्रूला ऐकू जाईल म्हणून सगळे त्याला शिव्या घालत. हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्यांनी कातडी पिवळी पडली होती. लढाईबद्दल आजोबा आम्हाला इतकंच सांगत. बंदुकीचं, मेलेल्यांचं कधी काही सांगितलं नाही. आम्ही पोरं फार मागे लागलो तर खेचरांच्या खोड्या सांगून वेळ मारून नेत.

पण सूर्य मावळतानाचं मात्र रंगवून सांगत. दिवसा ज्या फ्रिक्वेन्सीवर संदेश खणखणीत जातो, ती दिवेलागणीला बुडायला लागते. समोरचा आवाज आधी हेलकावे खातो, मग खोल जातो, मग नुसती खरखर. तो पूर्ण बुडायच्या आत दोन्ही टोकांनी रात्रीच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर उतरायचं. कमी फ्रिक्वेन्सीला तार लांब लागते. म्हणून आजोबा, सगळ्यांत हलके असल्यामुळे, रोज अंधार पडता पडता झाडावर चढून एरियल वाढवायचे आणि पहाटे पुन्हा आखडायचे. हे का करावं लागतं, असं त्यांनी हवालदाराला विचारलं. हवालदार म्हणाला, ‘‘हुकूम आहे.’’ मग एका गोऱ्या साहेबाला विचारलं. त्याने वर आभाळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, तिथे एक आरसा आहे, तो रात्री पातळ होतो. ते उत्तर आजोबांनी घरी आणलं. पदकं नंतर टपालाने आली.

त्यांनी पाठवलेले आणि घेतलेले जवळजवळ सगळे संदेश सांकेतिक अक्षरगटांत असत. काय पाठवतोय, हे पाठवणाऱ्याला माहीत नसे. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. अक्षर चुकू द्यायचं नाही, अर्थ ज्याचा तो लावील.

१९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईला नाविकांचं बंड झालं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जबलपूरला सिग्नलच्या जवानांनी बराकी सोडून मोर्चा काढला. आजोबा तेव्हा तिथेच, घरी सोडण्याची वाट बघत होते. मोर्चात गेले होते का, हे त्यांनी आजीलासुद्धा नीट सांगितलं नाही. ‘‘मी रांगेत होतो,’’ म्हणत. कुठल्या रांगेत, ते आम्ही आपापल्या मताप्रमाणे ठरवलं आहे. माझं मत मोर्चाच्या बाजूने आहे.

घरी आले ते अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावी, आणि वर्षभरात त्यांना वेधशाळेत जागा मिळाली.

ही वेधशाळा अलिबागला का आहे, हे अलिबागला सहलीला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. त्या विजेने कुलाब्याच्या सुया बिघडणार, हे तिथले संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी आधीच ओळखलं. समुद्रापलीकडे अलिबागला दुसरी वेधशाळा बांधली गेली आणि १९०४ ते १९०६ ही दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे यांचा सांधा जुळावा. विजेची ट्राम १९०७ साली धावली. धोका येण्याच्या आधी उपाय झाला, आणि तोही सरकारी खात्यात! वर्गात हे सांगितलं की मुलं पहिल्यांदा माझ्याकडे संशयाने बघतात.

इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकीय अंश नव्हता. आमच्या अंगणातला काळा दगड कितीही मजबूत असला तरी इथे बाद, त्यात लोह असतं. आत लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही. क्वार्ट्झच्या केसाहून बारीक धाग्याला एक लहान चुंबक टांगलेलं, त्याला आरसा चिकटवलेला. दिव्याची तिरीप आरशावर पडून परत येते ती घड्याळाने फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर. चुंबक हललं की तिरीप हलते, कागदावर रेघ उमटते. चोवीस तासांनी कागद काढायचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा, वाळवायचा, नवा लावायचा. ते आजोबांचं काम. शिवाय ठरलेल्या दिवशी शेजारच्या इमारतीत जाऊन खरं माप घ्यायचं. चुंबकाला झोके द्यायचे, ते मोजायचे, घड्याळ बघायचं, आकडे लिहायचे. अलिबागला आडव्या दिशेचं चुंबकीय बल अडतीस हजार गॅमाच्या आसपास असतं (हल्ली नॅनोटेस्ला म्हणतात, माप तेच). रोजच्या दुपारी ते चाळीसेक गॅमांनी वर चढतं आणि संध्याकाळी उतरतं. म्हणजे हजारात एखादा भाग, आणि तो टिपायचा.

त्यासाठी माणसाने काय काय सोडायचं, ती यादी आमच्या घरात पाठ होती. किल्ल्या, चाकू, छत्री, स्टीलचं घड्याळ. सायकल फाटकापाशीच. फौजेतून आणलेले बूट एका दिवसात बाद झाले, तळाला लोखंडी खिळे होते. पट्टा मात्र पास झाला, त्याचं बक्कल पितळेचं. पदकं टपालाने आली तेव्हा आजोबांनी ती पहिल्यांदा होकायंत्राजवळ नेली. बर्मा स्टारने सुई तसूभरही हलली नाही. ‘‘ही लावून कामावर गेलं तरी चालेल,’’ असं आजीला म्हणाले, आणि डब्यात ठेवून दिली. पुस्तिकेसाठी फोटो काढायला तो डबा उघडला तेव्हा रिबिनी उंदरांनी कुरतडलेल्या निघाल्या.

आजी या सगळ्यात बाहेरून सामील होती. त्यांच्या सदऱ्यांना धातूची बटणं नसत, पँटला हूक नाही, नाडी. हे ती शिवून द्यायची. स्वतः वेधशाळेत ती एकदाच गेली, साहेबांच्या परवानगीने. फाटकापाशी तिला पदराची पिन काढायला सांगितली, मग पोलक्याची, मग अंबाड्यातले आकडे. पिशवी भरली. एका हाताने अंबाडा आणि एका हाताने पदर धरून तिने ती जागा पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, ‘‘एवढं सोवळं तर माझ्या सासूबाईंचंही नव्हतं.’’

आमचे बाबा मात्र या सोवळ्यावर नाराज असत. कामाला पाळ्या होत्या, माणसं होती, पण सणाच्या दिवशी ज्याला सुट्टी हवी त्याची पाळी आजोबा मागून घ्यायचे. दिवाळीच्या पहाटे आपले वडील घरात असल्याचं बाबांना आठवत नाही. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी आजोबा रात्री आले, टक्के ऐकले आणि झोपले. त्याबद्दल बाबा साठी उलटल्यावरही बोलत. मी आजोबांची बाजू घेते असं त्यांना वाटे. थोडी घेते, हे खरं आहे. मला ते नातवंडांसाठी वेळ असलेले मिळाले, बाबांना नोकरीतले मिळाले. बाबांची तक्रार मी इथे मुद्दाम नोंदवते आहे, कारण अशा पत्रांत गेलेला माणूस फारच गुळगुळीत होऊन बसतो.

१९५७ च्या जुलैपासून १९५८ च्या डिसेंबरपर्यंत आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. वर्ष म्हणायचं, अठरा महिने चाललं. दक्षिणेत तिरुवनंतपुरम आणि अण्णामलैनगर इथे नव्या चुंबकीय वेधशाळा निघाल्या. त्यांतल्या पहिल्या ठिकाणी आजोबा काही आठवडे मदतीला गेले होते. तिथून आजीला आलेलं कार्ड माझ्याकडे आहे. क्षेमकुशल दोन ओळी, मुलांनी अभ्यास करावा एक ओळ, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात, ‘इथे दुपारी सुई आपल्या दुपटीहून जास्त चढते. डोक्यावरून विजेची नदी जाते म्हणतात.’ खरंच जाते. चुंबकीय विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, दिवसा पूर्वेकडे वाहणाऱ्या विजेचा एक अरुंद पट्टा असतो. आजीने त्या कार्डाच्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब केला आहे.

तिथेच कुणीतरी त्यांना तो आरसा समजावून सांगितला. सूर्याच्या किरणांनी वरच्या हवेतले कण विद्युतभारित होतात, त्याचे थर बनतात. वरचे थर रेडिओच्या लहरी परत खाली टाकतात. खालच्या थरात दिवसा वीज वाहते आणि तिच्यामुळे दुपारी वेधशाळेतली सुई चढते. सूर्य मावळला की भार ओसरतो, वीज थांबते, दिवसाची फ्रिक्वेन्सी थर भेदून निघून जाते. म्हणजे इम्फाळच्या झाडावर चढणं आणि अलिबागची दुपारची रेघ, दोन्ही एकाच कारणाची. शिवाय सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतात, आणि १९४४ हे त्या चक्राच्या अगदी तळाचं वर्ष होतं. डाग कमी, वरचा भार कमी, रात्र त्या मानाने आणखी अवघड. आपण उगीच झाडावर चढत नव्हतो, हे कळायला तेरा वर्षं गेली. ते सांगताना म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

त्या वर्षापासून त्यांनी एक खासगी उद्योग सुरू केला. वेधशाळेचे कागद आणि रजिस्टरं सरकारची, ती घरी यायची नाहीत. पण घरी रेडिओ होता आणि कान फौजेत तयार झालेले. संध्याकाळी रेडिओ सिलोन लावायचा, गाणं आम्ही ऐकायचं, आजोबा आवाजाची प्रत ऐकायचे. साध्या शाळेच्या वहीत रोज एक ओळ. तारीख, वेळ, कोणता पट्टा, आवाजाला पाचपैकी गुण, शेरा. कधी दुपारीच लघुलहरींवरची सगळी स्टेशनं एकदम मुकी व्हायची आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत यायची. रेडिओ बिघडला म्हणून शेजारी पाजारी तो ठोकून बघत. आजोबा लिहीत, ‘दुपारी सर्व बंद. परवा कागद बघणे.’

याच्यामागे जादू नाही. सूर्यावर मोठा स्फोट झाला की त्याचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात आणि पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला लघुलहरी गिळल्या जातात. त्याच स्फोटाबरोबर कधी कधी भारित कणांचा लोंढाही सुटतो. तो हळू चालतो, साधारण एक ते तीन दिवस घेतो, आणि आपल्याकडे वळला असेल तरच पोचतो. पोचला की साऱ्या जगातल्या चुंबकीय रेघा जवळजवळ एकाच क्षणी झटका देऊन उडी मारतात, मग तासन्‌तास घसरतात आणि सावरायला कित्येक दिवस घेतात. पण फोटोच्या कागदाची गोम अशी की धुतल्याशिवाय काही दिसत नाही. वादळ आलं तरी ते कळायचं कागद धुतल्यावर. रेडिओमुळे आजोबांना आधीच कुणकुण लागायची. ११ फेब्रुवारी १९५८ ला फार मोठं वादळ झालं, त्यानंतर ते घरी आले तेव्हा जेवता जेवता पाटावर बोटाने ती रेघ काढून दाखवत होते, असं आजी सांगे. त्या दिवसापासून वहीत तिच्या हातचा एक रकाना आहे. आजोबा आल्यावर ती विचारायची, आणि ‘वादळ’ किंवा ‘नाही’ असं लिहायची. बहुतेक ‘नाही’. आपला अंदाज किती वेळा फसला, हेही आजोबांनी वहीच्या शेवटच्या पानावर मोजून ठेवलेलं आहे.

आम्हाला त्यांनी जे काही शिकवलं ते याच वहीच्या शिस्तीतलं. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, गिरवून काळा करायचा नाही. एक आडवी रेघ, चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, वर नवा आकडा, बाजूला सही. मी सातवीत प्रगतिपुस्तकातले गणिताचे गुण ब्लेडने खरवडले होते. आजोबांनी मारलं नाही. त्या खरवडलेल्या जागेवर रेघ मारली, वर खरे गुण लिहिले आणि माझी सही घेतली. ते प्रगतिपुस्तक तसंच शाळेत गेलं. बाईंनी सगळ्या वर्गाला दाखवलं.

१९७१ साली वेधशाळेचा कारभार हवामान खात्यातून निघून स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे गेला. त्याच डिसेंबरात युद्ध. किनारा असल्यामुळे रात्री ब्लॅकआउट, काचांना काळे कागद. माजी सैनिक म्हणून लोक आजोबांना विचारायला येत, आता काय होईल. ते म्हणत, मला अंधारात काम करायची सवय आहे, तेवढंच सांगू शकतो. बाहेर सायरन होता तरी कागद वेळेवर बदलला, हे त्यांनी अभिमानाने सांगितलेलं मला आठवतं. अभिमानाने सांगितलेल्या त्यांच्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक.

आता त्यांच्या निवृत्तीनंतर उजेडात आलेल्या दोन गोष्टी सांगते, ज्यांच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

१८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला नोंदल्या गेलेल्या इतिहासातलं एक प्रचंड सौर वादळ झालं. तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसं डोळ्यांनी सुई वाचून आकडे लिहीत होती. सुई वेड्यासारखी पळायला लागल्यावरही ते लिहीत राहिले. ते आकडे पानांत पडून होते. २००३ साली भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते पुन्हा तपासले आणि त्या वादळात मुंबईचं आडवं बल सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं, असं मांडलं. आज जगात कुठेही सौर वादळाचा धोका मोजायला बसतात तेव्हा हा मुंबईचा आकडा पुढ्यात असतो. ज्या माणसांनी तो लिहिला त्यांना आपण काय लिहितोय याची कल्पना नव्हती. २००३ साली आजोबा हयात होते, ऐंशी ओलांडलेले. मी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. म्हणाले, ‘‘खाडाखोड होती का विचार.’’

दुसरी गोष्ट त्यांना कळली नाही. ४ ऑगस्ट १९७२ ला सूर्यावर जबर स्फोट झाला आणि त्याचा लोंढा पंधरा तासांच्या आत पृथ्वीवर येऊन आदळला. त्या दिवशी व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेने समुद्रात पेरलेले कित्येक चुंबकीय सुरुंग (जहाजाच्या लोखंडाने आसपासचं चुंबकत्व बदललं की फुटणारे), जवळ जहाज नसताना, आपोआप फुटले. वादळाचा आणि त्या सुरुंगांचा संबंध दाखवणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मी तो वाचला आणि पहिल्यांदा माळ्यावर चढले. वही मिळाली. ४ ऑगस्टच्या पानावर आजोबांचं अक्षर, ‘सकाळी सर्व बंद. उशिरापर्यंत.’ आणि खाली, दुसऱ्या तारखेला, आजीच्या अक्षरात ‘वादळ, मोठं’. जेवायला आले नाहीत, असंही तिने लिहिलं आहे.

आज हेच काम सूर्य आणि पृथ्वीच्या मधून, पंधरा लाख किलोमीटरवरून आपलं आदित्य-एल१ करतं, त्याचा मला आनंद आहे. अलिबागलाही कागदाऐवजी आकडे थेट संगणकावर उतरतात. पण १९०४ पासून चालत आलेली ही साखळी तुटली नाही ती यंत्रांनी नव्हे, रोज जाऊन कागद बदलणाऱ्या माणसांनी. त्यांना कोणी पदक दिलेलं नाही आणि ते मागायला मी हे पत्र लिहीत नाही. पुढच्या आवृत्तीत माहितीची उरलेली अर्धी बाजू छापा, एवढंच मी त्या संस्थेला कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही.

तुमच्या वाचकांकडे मात्र दोन मागण्या आहेत. आपल्या घरात कोणाच्या आजोबांनी, आजीने, वडिलांनी पावसाचे, भरतीचे, विहिरीच्या पाण्याचे, पेरणीच्या तारखांचे, कशाचेही आकडे वर्षानुवर्षं लिहिलेले असतील, तर ती वही रद्दीत घालण्याआधी तिचे फोटो काढा. फोनवर काढलेले चालतात. पान सरळ धरा, तारीख दिसू द्या, कोरं पान आलं तरी वगळू नका, कारण कोरं पान म्हणजेही त्या दिवशी नोंद नाही ही नोंद आहे. कोणी लिहिलं, कुठे बसून लिहिलं, कोणत्या मापाने मोजलं, हे जाणणारं घरात कोणी असेल तर त्याला आजच विचारून घ्या. मी आजीला विचारायचं राहून गेलेल्या गोष्टींची यादी वेगळी आहे.

दुसरी मागणी माझी स्वतःची. आजोबांच्या रेडिओच्या वह्यांचे फोटो काढून झाले आहेत, ते भूचुंबकत्व संस्थेच्या अभ्यासकांना दाखवणार आहे. पण त्या ढिगात एक लहान वही निघाली, जाड पुठ्ठ्याची, पाण्याने फुगलेली. ती इम्फाळची असावी. पहिल्या पानावर इंग्रजीत १९४४ आहे. आघाडीवर रोजनिशी ठेवायला बंदी होती, म्हणूनच बहुधा बाकीची सगळी वही मोडीत आहे, घाईच्या, शब्द न तोडलेल्या मोडीत. आमच्या घरात मोडी वाचणारी शेवटची व्यक्ती आजोबाच. दोन जाणकारांनी प्रयत्न केला, त्यांना काही नावं आणि ‘झाड’ हा शब्द लागला. कागदपत्रांची नव्हे, हातघाईची मोडी वाचण्याचा सराव असलेलं कोणी अलिबाग, पेण, पनवेल भागात असेल तर कृपया आपल्या दैनिकामार्फत मला कळवावं. वही घेऊन मी स्वतः येईन. तिच्यात काय निघेल ते निघो, छापण्याचं किंवा झाकण्याचं नंतर ठरवू.

आपली,
एक वाचक, अलिबाग